आधी लोड सांग

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या एकाही कॅम्पग्राउंडवर विजेचं हुकअप नाही. खांबाला केबल जोडली आणि घरच्यासारखं सगळं सुरू झालं, ही सोय तिथे मिळत नाही. जनरेटर लावता येतो, पण घड्याळ बघून: सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २, संध्याकाळी ५ ते ७. उरलेले १८ तास तुमचा जनरेटर कितीही महागाचा असो, त्याने तोंड उघडायचं नाही. रात्री १० ते सकाळी ६ तर माणसांनीही हळू बोलायचं.

आर.व्ही.साठी, म्हणजे चाकांवरच्या घरासाठी, जनरेटर कुठला, इन्व्हर्टर केवढा, बॅटरी किती, यावर मी जे जे वाचलं ते बहुतेक वॉटपासून सुरू होऊन वॉटपाशीच संपत होतं. दोन हजारचा घ्या, नको, चार हजारचा घ्या, एकदाच काय तो खर्च होऊ दे. आमच्या ट्रेलरसाठी काय घ्यायचं ते मात्र शेवटी या वेळापत्रकाने ठरवलं. आम्हाला वीज लागते रात्री, आणि ती तयार करायची मुभा आहे दिवसा. मधलं अंतर भरून काढायचं कसं, एवढाच खरा प्रश्न होता.

आम्ही म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहणारे मी आणि नवरा, आणि वर्षातले काही महिने सांगलीहून येणारे माझे आई-बाबा. ट्रेलर बावीस फुटी, पिकअप ट्रकमागे ओढायचा. आईला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, ती सी-पॅपचं, म्हणजे नाकातोंडातून दाबाने हवा देत राहणारं, मशीन लावूनच झोपते. बाबा विद्युत मंडळातून निवृत्त झालेले. २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या, पण बाबांच्या तोंडी अजून मंडळच. त्यांच्यासमोर मी लॅपटॉपवर जनरेटरची चित्रं उघडली तेव्हा त्यांनी चष्माही लावला नाही.

"हे नंतर. आधी लोड सांग."

"बाबा, तेच तर बघतेय, किती वॉटचा लागेल ते."

"एका वेळी किती लागेल ते विचारतेयस, का दिवसभरात किती लागेल ते? डिमांड वेगळी, युनिट वेगळं."

मंडळाच्या माणसाला हे बाळकडूतच मिळालेलं असतं. गिरणीवाल्याच्या बिलात मागणीचा आकार वेगळा आणि युनिटांचा वेगळा. आर.व्ही.मध्येही नेमकं तेच आहे, फक्त कुणी असं सांगत नाही. एका वेळी जास्तीत जास्त काय काय चालेल, त्यावर इन्व्हर्टर आणि जनरेटर ठरतात. चोवीस तासांत एकूण किती खर्च होईल, त्यावर बॅटरी ठरते. या दोन प्रश्नांची सरमिसळ झाली की माणूस चार हजार वॉटचा जनरेटर घेऊन येतो आणि पहाटे तीनला थंडीने कुडकुडत उठतो.

पहाटे तीनला का, ते सांगते. ट्रेलरमधली भट्टी प्रोपेन गॅसवर चालते, त्यामुळे हीटरला वीज लागत नाही असं सगळ्यांना वाटतं. पण ती गरम हवा खोलीभर ढकलणारा पंखा १२ व्होल्टवर चालतो आणि सात-आठ अँपियर खातो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या अँझा-बोरेगोच्या वाळवंटात डिसेंबरच्या रात्री भट्टी जवळपास निम्मा वेळ सुरू असते. दहा तासांची रात्र धरली तर पाच तास पंखा, म्हणजे ४० अँपियर-तास (अँपियर गुणिले तास, बॅटरीचा हिशेब यातच करतात) त्याच्याच नावावर. आईचं मशीन, त्यातलं पाणी गरम करणारं यंत्र बंद ठेवून, सुमारे ३० वॉट. आठ तासांचे २० अँपियर-तास. गॅस गळतीचा डिटेक्टर, फ्रिजचं सर्किट, पाण्याचा पंप, रात्री उठल्यावर लावलेला दिवा, असे किरकोळ दहा. बाबांच्या डायरीत बेरीज झाली ७०.

ट्रेलरबरोबर आलेली बॅटरी होती साधारण ८० अँपियर-तासांची. शिसं आणि आम्लाची. अशी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य भराभर घटतं, त्यामुळे खरे वापरायचे ४०. विक्रेत्याकडे उभ्या ट्रेलरचे दिवे लावून दाखवायला ती ठीक आहे.

दिवसाचा हिशेब त्या मानाने सोपा गेला. मिक्सर ५५० वॉटचा दिसतो, पण खोबऱ्याची चटणी पाच मिनिटांत होते. पन्नास वॉट-तासही खर्च होत नाहीत. मायक्रोवेव्हवर हजार वॉट लिहिलेलं असतं ते अन्नाला मिळणारं. भिंतीतून तो दीड हजार ओढतो. दहा मिनिटं चालला की २० अँपियर-तास गेले. फोन, लॅपटॉप, छतातला पंखा. चहा, पोहे, कुकर सगळं गॅसवर, फ्रिजसुद्धा गॅसवर. रात्र आणि दिवस मिळून १२० अँपियर-तास, म्हणजे दीड युनिट.

"दीड युनिट!" बाबा म्हणाले. "दीड युनिटासाठी एवढा खटाटोप!"

खटाटोप त्या दीड युनिटाचा नाही, ते साठवण्याचा आहे. इथे बाबांचं आणि माझं पहिल्यांदा वाजलं.

भारनियमनाच्या काळात आमच्या सांगलीच्या घरी जिन्याखाली इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी होती. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालणं हे बाबांचं ठरलेलं काम, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्या बॅटरीने त्यांना वर्षानुवर्षं साथ दिली, त्यामुळे शिशावर त्यांचा विश्वास. अमेरिकेतही या विचाराची जुनी आणि चांगली वाट आहे: गोल्फ कार्टच्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडायच्या. १२ व्होल्ट, २२५ अँपियर-तास मिळतात, निम्मे वापरले तरी ११२. प्रत्येकी २८ किलोच्या आसपास वजन. दणकट, स्वस्त, कुठेही मिळणाऱ्या. मुक्काम बहुतेक वेळा हुकअपवरच करणाऱ्यांना मी आजही याच घ्या म्हणेन.

पण योसेमिटीचं वेळापत्रक आडवं आलं. शिशाची बॅटरी सुरुवातीला भराभर चार्ज होते, ८० टक्क्यांच्या पुढे मात्र अडून बसते. चार्जर कितीही ताकदीचा लावा, शेवटचे २० टक्के भरायला चार-पाच तास घेतेच. बरं, अर्धवट भरून रोज तशीच सोडली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि क्षमता कायमची कमी होते. दोन-दोन तासांच्या तुकड्यांत मिळणाऱ्या विजेवर तिचं पोट कधी भरायचंच नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी याच्या अगदी उलट. ती जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत दिलेला करंट निमूट घेत राहते. ५५ अँपियरचा चार्जर असेल तर दोन तासांत ११० अँपियर-तास. सकाळच्या एका खेपेत आमचा जवळजवळ अख्खा दिवस भरून निघतो, आणि दुपार-संध्याकाळ शेजाऱ्यांना शांतता. शंभराच्या दोन बॅटऱ्या घेतल्या. ८० टक्के वापरल्या तरी १६० मिळतात, आणि दोन्हींचं मिळून वजन त्या एका गोल्फ कार्टवालीपेक्षा कमी. ट्रेलरच्या जिभेवर, म्हणजे ट्रकला अडकवायच्या पुढच्या दांड्यावर, पडणारं वजन ज्यांनी मोजलंय त्यांना याचं मोल कळेल.

या रसायनाचा मूळ शोधनिबंध १९९७चा, टेक्सास विद्यापीठातला. त्यावर तीन नावं आहेत: पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ. जॉन गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७व्या वर्षी, लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. पहिली दोन नावं वाचून बाबा जरा नरमले. "आपलीच पोरं दिसतात," म्हणाले. मी त्यांना त्यातलं कामाचं सांगितलं: फॉस्फेटमधला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, तापली तरी तो सहजी सुटत नाही. फोनमधल्या बॅटऱ्यांच्या आगीच्या बातम्या वाचून जी धास्ती बसते ती इथे बरीच कमी करता येते. किमतीचं म्हणाल तर सात-आठ वर्षांपूर्वी शंभर अँपियर-तासांच्या नावाजलेल्या बॅटरीला हजाराच्या घरात डॉलर पडायचे. आता तीनशेच्या आत कितीतरी मिळतात.

तिची दोन खोडकर वैशिष्ट्यं मात्र आधीच माहीत असलेली बरी. एक, शून्य अंश सेल्सियसच्या खाली ती चार्ज करायची नाही. केली तर आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि बॅटरी कायमची बिघडते. चांगल्या बॅटरीतली नियंत्रणव्यवस्था चार्जिंग आपोआप तोडते, पण मग थंडीत सकाळी जनरेटर लावून तुम्ही नुसतेच बघत बसता. हिच्यातून शिशाच्या बॅटरीसारखा हायड्रोजन सुटत नाही, म्हणून ती बाहेर जिभेवर न ठेवता आत, बाकाखाली ठेवता येते. आमची तिथेच आहे, भट्टीच्या उबेत.

दुसरं वैशिष्ट्य बाबांना फार झोंबलं. शिशाची बॅटरी मल्टिमीटर लावला की खरं बोलते: १२.७ म्हणजे भरलेली, १२.१च्या आसपास म्हणजे निम्मी. ही बया नव्वद टक्क्यांना १३.३ दाखवते आणि चाळीस टक्क्यांनाही १३.२च्या आगेमागेच. रोज सकाळी मल्टिमीटर घेऊन बसायचं सुख गेलं. त्याऐवजी ऋण बाजूच्या वायरीत एक शंट बसवावा लागतो, तो आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपियर मोजतो आणि टक्केवारी सांगतो. "म्हणजे मीटरच की!" बाबा म्हणाले, आणि तिथून पुढे त्या शंटचं रीडिंग घेणं ही त्यांची ड्यूटी झाली. पूर्ण सेटअपमध्ये मी एकच वस्तू आधी घ्या म्हणून सांगायची झाली तर हा शंट सांगेन. अगदी जुनी बॅटरी असतानाच बसवा. आपण किती वीज खातो हे कळल्याशिवाय बाकीची खरेदी अंदाजपंचे.

ट्रेलरमधला चार्जरही बदलावा लागला. जुने चार्जर (यांना कन्व्हर्टर म्हणतात) शिशासाठी बनवलेले, १३.६ व्होल्टवर रेंगाळणारे. लिथियमला १४.४च्या पुढे ढकलणारा लागतो. यात सांगण्यासारखं फार काही नाही. अर्ध्या दिवसाचं काम.

इन्व्हर्टरबद्दल लोक सगळ्यात जास्त हौस करतात. तीन हजार वॉटचा घेतात आणि त्यावर फोन चार्ज करतात. आम्ही दोन हजारांवर थांबलो, तेही मायक्रोवेव्हसाठी. १२ व्होल्टवरून दोन हजार वॉट काढायचे म्हणजे बॅटरीतून दीडशे-पावणेदोनशे अँपियर ओढायचे, आणि बदलातली गळती धरली तर त्याहूनही जास्त. त्याला अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल लागते, तीही शक्य तितकी आखूड, आणि बॅटरीच्या तोंडाशीच टी वर्गाचा फ्यूज. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात हजारो अँपियर सोडू शकते, तो प्रवाह तोडणं साध्या फ्यूजचं काम नाही. बाबांनी प्रत्येक लग, म्हणजे केबलच्या टोकाचं धातूचं कडं, स्वतः दाबून बघितला आणि मायक्रोवेव्ह चालवून झाल्यावर हात लावून परत बघितला. सैल जोड आधी तापतो, मग जळतो, हे त्यांना खांबावर चढून कळलेलं.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणाराच घ्यायचा, याबद्दल आमच्या घरात चर्चासुद्धा झाली नाही. सांगलीच्या त्या जुन्या इन्व्हर्टरवर पंखा रात्रभर घुंईऽऽ करायचा तो आम्हा सगळ्यांच्या कानात आहे. चौकोनी लहरीवर मिक्सरची मोटर अशीच कुरकुरते आणि तापते.

एक गोष्ट मात्र खोक्यावर बारीक अक्षरात छापलेली असते आणि ती महत्त्वाची आहे. एवढा मोठा इन्व्हर्टर काहीही न चालवता नुसता सुरू ठेवला तरी वीस-पंचवीस वॉट खातो. म्हणजे आईचं मशीन जेवढं घेतं, जवळजवळ तेवढंच त्या मशीनपर्यंत वीज पोहोचवायला जाणार. चोवीस तास सुरू राहिला तर ४० अँपियर-तास, आख्ख्या भट्टीच्या पंख्याएवढे. उपाय साधा निघाला: सी-पॅपला थेट बॅटरीवर चालणारा अडॅप्टर मिळतो. रात्री झोपताना इन्व्हर्टरचं बटण बंद. बारा व्होल्टवर जे चालू शकतं ते १२० व्होल्टला नेऊन परत खाली आणण्यात अर्थ नाही.

आता जनरेटर. इतका वेळ मागे ठेवला कारण हिशेबात तो शेवटीच येतो. बांधकामावर दिसतो तो उघड्या सांगाड्याचा जनरेटर ६० हर्ट्झ राखण्यासाठी कायम ३६०० फेऱ्यांनी फिरतो, एक दिवा लावा नाहीतर दहा. भारतात ५० हर्ट्झ म्हणून ३०००. गणपतीच्या मिरवणुकीमागून जाणारी जनरेटरची गाडी ज्यांनी ऐकली आहे त्यांना जंगलात ते कसं वाटेल हे सांगायला नको. इन्व्हर्टर जनरेटर आधी डी.सी. (बॅटरीसारखी एकाच दिशेची वीज) करून मग इलेक्ट्रॉनिक्सने ए.सी. (घरच्यासारखी दिशा बदलणारी वीज) बनवतो, त्यामुळे इंजिनाला वेगाचं बंधन नाही. लोड कमी असेल तर ते हळू फिरतं, कमी पितं, कमी ओरडतं. राष्ट्रीय उद्यानांत ५० फुटांवर ६० डेसिबलची मर्यादा आहे, ती हे सहज पाळतात.

आम्ही घेतला २२०० वॉटचा, २१-२२ किलोचा, मी एकटी उचलू शकते असा. २२०० हा आकडा क्षणभराचा. सलग मिळतात १८००. आणि तेही समुद्रसपाटीला. दर हजार फुटांना साधारण साडेतीन टक्के ताकद कमी होते, कारण इंजिनालाही विरळ हवेत धाप लागते. योसेमिटीचं ट्युओलमी मेडोज ८६०० फुटांवर. तिथे १८००चे साडेबाराशे उरतात. आमचा चार्जर भिंतीतून साडेनऊशेच्या आत मागतो. पुरतं. बॅटरी असली की जनरेटरने फक्त तिला भरायचं असतं, संध्याकाळी मायक्रोवेव्ह आणि पंप एकदम लागले तर ते बॅटरी बघून घेते. म्हणून छोटा चालतो.

अपवाद छतावरच्या ए.सी.चा, म्हणजे एअर कंडिशनरचा. १३,५०० बीटीयूचा ए.सी. दीड हजार वॉटच्या आसपास घेतो आणि सुरू होताना त्याच्या दुप्पट मागतो. सॉफ्ट स्टार्टर बसवून तो सुरुवातीचा झटका कमी करता येतो, सखल भागात मग २२०० वॉटचा कसाबसा ओढतो. बॅटरीवर आमच्या दोनशे अँपियर-तासांत तो दीड तास चालेल, नंतर अंधार. ए.सी. बॅटरीवर चालवण्यासाठी छत भरून पॅनल आणि चार-सहा बॅटऱ्या लावणारे लोक आहेत, त्यांचं कौतुक आहे. पण चाकांवरच्या घराला चाकं असतात. उन्हाळ्यात डेथ व्हॅलीला जायचं नाही, सिएराच्या डोंगरात वर जायचं, हा उपाय फुकट आहे. अगदीच सखल भागात अडकलो तर हुकअपचे पैसे मोजायचे.

इथे एक गोष्ट विनोद न करता सांगते. जनरेटर ट्रेलरपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, धुराचं तोंड पलीकडे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आतला डिटेक्टर जुना झाला असेल तर बाकी काही घेण्याआधी तो बदला.

सौर पॅनलवर मी मुद्दाम कमी लिहिते आहे. ४०० वॉटचे आहेत छतावर. अँझा-बोरेगोत जनरेटर कधी कधी बाहेरही निघत नाही. योसेमिटीच्या पाइनच्या सावलीत ते नसल्यासारखे. कॅलिफोर्नियात २०२८च्या मॉडेलपासून पुढचे नवे छोटे जनरेटर धूरमुक्त असायला हवेत असा नियम आहे, त्यामुळे पुढचा जनरेटर पेट्रोलचा नसेलच बहुधा. एकाच डब्यात बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर असलेले पॉवर स्टेशन तंबूसाठी उत्तम, पण एक भाग बिघडला की सगळा डबा दुरुस्तीला, हे मला पटत नाही.

महाराष्ट्रात व्हॅनचा कॅरव्हॅन करू पाहणाऱ्यांना एक हिशेब उपयोगी पडेल. इथला ट्रेलरचा खांब ३० अँपियर, १२० व्होल्ट, म्हणजे ३६०० वॉट. आपल्या घरातला गिझरचा १६ अँपियरचा प्लग २३० व्होल्टवर जवळपास तेवढंच देतो. २३० व्होल्टच्या बाजूच्या वायरी निम्म्या करंटला चालतात, पण १२ व्होल्टची बाजू जगात कुठेही तीच, केबल तेवढीच जाड.

जनरेटर पहिल्यांदा ट्रेलरला लावला तेव्हा मधल्या सर्ज प्रोटेक्टरने, म्हणजे वीज सदोष वाटली तर ती अडवणाऱ्या डबीने, वीज आत घ्यायलाच नकार दिला. अर्थिंग सुटलंय म्हणाला. बाबांनी मीटर लावला, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ मोजलं आणि हसले. "न्यूट्रल तरंगतोय. मशीन बरोबर आहे, याला कुठेच बांधलेलं नाही." ट्रेलरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ मुद्दाम वेगळे ठेवतात, ते एकत्र यायचे वीज येते त्या टोकाला, आणि छोट्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये ते जोडलेले नसतात. त्यासाठी आतून न्यूट्रल-अर्थ जोडलेली एक पिन जनरेटरच्या दुसऱ्या सॉकेटात खोचायची असते, काही डॉलरची. ती घरातल्या सॉकेटात चुकूनही जायला नको, म्हणून आईने तिच्याभोवती लाल चिंधी शिवली आणि बाबांनी त्यावर मार्करने 'फक्त जनरेटर' लिहिलं.

सध्या वाद आहे ट्रकच्या अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा. ट्रकमागच्या सात पिनांच्या जोडातून बारीक वायरीमुळे जेमतेम पाच-दहा अँपियर मागे येतात. जाड केबल टाकून मध्ये ४० अँपियरचा डी.सी.-डी.सी. चार्जर बसवला तर योसेमिटीपर्यंतच्या चार तासांत बॅटरी वाटेतच भरेल. नवऱ्याला नव्या ट्रकच्या चासीखाली भोकं पाडायची नाहीत, बाबांना पाडायचीच आहेत. केबलचा भाव मी काढून ठेवला आहे.